एका शब्दात कळव

ब्यूनोस आयर्स
२ सप्टेंबर १९८४

पोर्फी ताई,

आधी भांडण, मग खुशाली. तू बसवाल्या क्रिसोलोगोबरोबर पाठवलेलं गोड पाल्याचं बी मी गच्चीवर तेलाच्या तीन रिकाम्या डब्यांत पेरलं, वर दोन बोटं माती घातली, रोज पाणी घातलं. बावीस दिवसांनी एका डब्यात काहीतरी हिरवं दिसलं म्हणून मी आनंदानं मालकीणबाईंना, आमच्या सेन्योरांना, वर बोलावलं. ऐंशी वर्षांची बाई एकेक पायरी मोजत चढून आली, पान तोडून तोंडात टाकलं आणि म्हणाली, "निमिया, हे गवत आहे." आता मी तोंड कुठं लपवू?

डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली आहे. दोन नवरे गेले तेव्हा रडल्या नसतील इतक्या त्या साखरेसाठी रडतात. मी मेली बोलून गेले, आमच्या पाराग्वाईत एक पाला असतो, एक पान चघळलं तर तासभर तोंड गोड राहतं आणि साखरेचा कण नाही. तेव्हापासून कामाला बोलावलंय की पाल्याला, हेच मला कळेनासं झालंय.

लिबी कशी आहे? उंची किती झाली? तीन वर्षांपूर्वी चार दिवस आले होते तेव्हा माझ्या खांद्याला लागत होती. पाच वर्षांची पोर तुझ्या ओटीत टाकून आले त्याला आता नऊ वर्षं झाली. हे मी तुला का सांगतेय? तुला ठाऊक नाही का!

तुझी निमिया


ताकुरुती
३० सप्टेंबर १९८४

निमिया,

उंच इमारतीत राहून तुझी अक्कलही वरच्या मजल्यावर गेली, खाली यायला तयार नाही. दोन बोटं माती! ते बी आहे का प्रेत, पुरायला? डोळ्यात गेलं तर कळणार नाही एवढंसं ते बी. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवायचं आणि वरून तळहात फिरवायचा. त्यातही काळं तेवढं उगवतं, फिकट दाणे पोकळ असतात. आई हे शिकवत होती तेव्हा तू आंब्यावर चढून बसली असशील.

बियांचा नाद सोड. चार फांद्या पाठवते आहे, मुळं धरलेल्या, ओल्या फडक्यात, वर केळीचं पान. त्यावर चीज घातलेल्या चिपा भाजून ठेवल्या आहेत. सीमेवर कोणी टोपली उकरली तर चिपा दे, पाला देऊ नकोस. लावल्यावर आठवडाभर सावलीत ठेव. वीतभर झालं की शेंडा खुड. दया आली आणि शेंडा ठेवलास तर नुसती काठी वाढेल.

लिबी माझ्याहून उंच झाली. स्वयंपाकघरामागे तिनं स्वतःचा वाफा केला आहे, स्वतः राखलेल्या बियांचा. अकरा रोपं आली. मी म्हटलं, फांदी लाव गं, बियांचं रोप आईवर जाईलच असं नाही, कधीकधी अगदी बेचव निघतं. तर म्हणते, "बघू या ना, मावशी." ऐकायचं म्हणून नाही. ते मात्र तुझ्यावरून आलंय.

पोर्फिरिया


ब्यूनोस आयर्स
२५ नोव्हेंबर १९८४

पोर्फी ताई,

चारपैकी तीन फांद्या लागल्या! चौथीला मुळं फुटली का ते मी रोज उपटून बघत होते, ती गेली. परवा सेन्योरांनी चहात अर्धं पान टाकलं, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, आता नोकरी गेली. मग डोळे उघडून म्हणाल्या, "इतकी वर्षं हे माझ्यापासून लपवून का ठेवलंस?"

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. सेन्योरा म्हणतात, मुलीला घेऊन ये. गच्चीवरच्या माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मी दोरीनं मोजून पाहिलं. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, मार्चमध्ये सुरू होते. मी दरवर्षी 'पुढच्या वर्षी नेईन' म्हणत आले आणि तू दरवर्षी म्हणत आलीस, 'तिला विचार'. तर विचारते. हे पत्र तिच्या हातात दे.

लिबी, माझ्याजवळ राहायला येशील का? एका शब्दात कळव, तेवढं पुरे. तुझ्या हातानं लिही.

ताई, ती लिहीत असताना तू मागे उभी राहू नकोस. तुझा नुसता श्वासही हुकूम सोडतो.

निमिया

ता.क. लिबी, तुझ्या वाफ्यातला पाला कसा निघाला गं? गोड की बेचव? मला फार उत्सुकता आहे.


ताकुरुती
१३ जानेवारी १९८५

निमिया,

उत्तराला उशीर झाला. डिसेंबरात काकुपेच्या देवीला चालत गेलो, तिथून पाय सुजवून आले, आल्याबरोबर कापणी. कळ्या दिसल्या की थांबायचं नसतं. फूल उमललं की पानातला गोडवा उतरतो. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचं, त्याच दिवशी चादरीवर पसरून वाळवायचं. तीनच्या सुमाराला ढग आले तेव्हा मी आणि लिबी चादरीची चार टोकं धरून अशा धावलो की कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं. भिजला असता तर सगळा पाला काळा पडला असता. संध्याकाळी काठीनं झोडून काड्या वेगळ्या केल्या. घरभर वास आहे. दुपारी थंड तेरेरे पिताना आता त्यात साखर लागत नाही.

माझा गुडघा दुखतो. डुकरीण व्यायली, सात पिल्लं. पलीकडच्या टोमासांची भिंत पडली.

पत्र दिलं तिला. तिनं वाफ्यात बसून वाचलं, दोनदा. मी मागे उभी राहिले नाही. मागे कोंबड्यांना दाणे टाकत होते, ती वेगळी गोष्ट. मग आत येऊन म्हणाली, "मावशी, तुझं लिहून झालं की खाली मला जागा ठेव." ठेवते आहे.

पोर्फिरिया

हे~ए
लिब्रादा


ब्यूनोस आयर्स
१० फेब्रुवारी १९८५

ताई,

तो कागद मी दोन दिवस घेऊन बसले. उशाला घेऊन झोपले, उठून परत पाहिला. तिनं आपल्या ग्वारानीत लिहिलंय. शाळेत आपल्याला स्पॅनिशच लिहायला शिकवतात, घरची बोली लिहायची तर ज्याला जसं सुचेल तसं. पण मी नीट वाचलं. हे-एं. गोड.

मी विचारलं, येशील का. ती म्हणते, गोड. पाल्याचं उत्तर दिलं आणि माझं टाळलं. 'नाही' लिहायला तिचा हात धजावला नसेल. चांगली पोर आहे, आईचं मन मोडवलं नाही. की हे भलतंच काही आहे? मी फार विचार करते का? तुझ्यासमोर लिहिलंय, तूच सांग मला, तिला काय म्हणायचं होतं?

तू काही वेगळं सांगितलं नाहीस तर मी तिला परत विचारणार नाही. तिला म्हणावं, आई रागावलेली नाही. खरंच नाही रागावले. खाट आणली होती, ती सेन्योरांच्या पुतण्याला देऊन टाकीन म्हणते.

निमिया


ताकुरुती
४ मार्च १९८५

निमिया,

मुलं काहीतरी लिहितात, मोठ्यांनी त्याचा कीस काढू नये. पाला गोड निघाला हे खरं आहे. शाळा सुरू झाली, तिला नवे बूट घेतले. तूच मला लिहिलं होतंस, रोज उपटून मुळं बघितली म्हणून फांदी मेली. तसंच समज.

थंडी पडायच्या आत तुझ्या डब्यांतल्या रोपांभोवती वाळलेलं गवत घाल.

पोर्फिरिया


ब्यूनोस आयर्स
३० जून १९८५

ताई,

रोपांची पानं गळाली. तीन डब्यांत तीन खुंट उभे आहेत, मेलेत की झोपलेत काही कळत नाही. सेन्योरा रोज विचारतात. त्यांना काय सांगू? मला स्वतःचंच काही कळेना झालंय.

लिबीला चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. तिच्या वाढदिवसाला स्वेटर विणून पाठवला, लाल, 'मिळाला' एवढंही नाही. हे कोडं मला सुटत नाही. माझ्याकडे यायचं नव्हतं तिला. बरं, मी गप्प बसले. एका शब्दानं बोलले नाही. मग रुसली कशावरून? नाही म्हणणारीनं रुसायचं आणि जिला नाही म्हटलं तिनं मनधरणी करायची, हा कुठला न्याय? मी वेडी आहे का, ताई? काहीतरी लिही. डुकरिणीबद्दल नको.

निमिया


ताकुरुती
२५ ऑगस्ट १९८५

निमिया,

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. हे चौथं आहे.

लिबी दर रविवारी दुपारी अंघोळ करून, शाळेचे चांगले बूट घालून हमरस्त्यावर जाते. ब्यूनोस आयर्सची बस तिथूनच जाते ना. अंधार पडायच्या सुमाराला परत येते आणि माझ्याशी बोलत नाही. मार्चपासून हे चाललंय. मी खिडकीतून बघत बसते. मला आता सहन होत नाही.

तिनं 'गोड' लिहिलं नव्हतं, निमिया. 'हें-ए' लिहिलं होतं. हो. येते. तुला ठाऊक आहे, तोंडानं बोलताना दोन शब्दांत काही घोटाळा होत नाही. पण कागदावर सगळा फरक त्या नाकातल्या उच्चाराच्या नागमोडी खुणेचा. पहिल्या अक्षरावर पडली तर 'हो', दुसऱ्यावर पडली तर 'गोड'. तिच्या हातून ती बरोबर मधोमध पडली. मी पत्र बंद करताना पाहिलं आणि मला ते 'हो'च दिसलं. रात्री तिच्या बुटांना तेल लावून ठेवलं, म्हटलं जाणार तर नीट जाऊ दे.

मग तुझं पत्र आलं, की तू 'गोड' वाचलंस. आणि तू मला विचारलंस, तिला काय म्हणायचं होतं. निमिया, मला काही खोटं बोलावंच लागलं नाही. फक्त गप्प बसायचं होतं. ते पत्र मी तिला दाखवलं नाही. नऊ वर्षं मी तिचे केस विंचरले, ताप आला तेव्हा रात्र रात्र बसले, पहिल्यांदा विटाळशी झाली तेव्हा तुझ्या नावानं रडत होती आणि मांडीवर माझ्या होती. देवीच्या पायाशी मी काय मागितलं ते तुला सांगणार नाही.

मला शिव्या दे. पण येऊन तिला घेऊन जा. ती वाट बघते आहे.

पोर्फिरिया


ब्यूनोस आयर्स
१२ सप्टेंबर १९८५

पोर्फिरिया,

ताई लिहीत नाही, हात वळत नाही. शिव्याही देत नाही. तुझी दया आली म्हणून नव्हे, सापडत नाहीत म्हणून. आठ महिने! शाळेचं वर्ष गेलं. खाट मी खरंच देऊन टाकली. पोर रस्त्यावर उभी आणि मी इथे तीन खुंटांना गवत पांघरत बसले होते.

काल रात्री आनंदानं रडले, मग रागानं रडले, मग कशानं रडते आहे तेच कळेना. ती 'हो' म्हणाली होती. तू तिला काही विचारू नकोस, काही सांगू नकोस, तुझं सांगणं-विचारणं पुरे झालं. सोबतची चिठ्ठी बंद आहे, तशीच दे.

निमिया

(चिठ्ठी)

लिबी, माझ्या राणी, तुझा होकार मला आठ महिन्यांनी मिळाला. चूक माझी नाही, कुणाची ते मोठी झाल्यावर सांगेन. डिसेंबरात सुट्टी मागितली आहे, तुला न्यायला येते. सामान बांधून ठेव.
आई


ताकुरुती
६ ऑक्टोबर १९८५

आई,

तुझी चिठ्ठी वाचली आणि मला काही कळलं नाही. कुठला होकार? मावशीला विचारलं तर तिनं पिठाच्या डब्याखालून तुझं फेब्रुवारीचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. मग तुला ऑगस्टात काय लिहिलं ते सगळं सांगितलं आणि रडली. मावशीला रडता येतं हे मला माहीतच नव्हतं.

आई, मी 'गोड'च लिहिलं होतं.

तू दोन प्रश्न विचारले होतेस. एकाचं उत्तर मला येत होतं, ते लिहिलं. पाला खरंच गोड निघाला होता, अकरापैकी नऊ रोपांचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. हो लिहावं तर मावशी पाठीमागे कोंबड्यांना दाणे टाकत होती, एकाच जागी, मूठ मूठ, कोंबड्या पोट भरून निघून गेल्या तरी टाकतच होती. नाही लिहावं तर तू दोरीनं खाट मोजली होतीस. म्हणून त्याचं काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, तू परत विचारशील. मी जानेवारीत वाट पाहिली, फेब्रुवारीत पाहिली. मग वाटलं, आईचा विचार बदलला असेल, सेन्योरांना नको असेल. मावशीलाही विचारून बघितलं, तर ती म्हणाली, गवत घातलंस का वाफ्यात. तेव्हा मी दोघींशी बोलायचं सोडलं. तुमच्या दोघींच्या मनात ज्याची भीती होती तेच तुम्हांला त्या शब्दात दिसलं. तुला नकार दिसला, मावशीला होकार. मी तर पाल्याबद्दल बोलत होते.

आणि रविवारी मी बसची वाट बघत नव्हते. हमरस्त्याजवळच्या मैदानावर आम्ही व्हॉलीबॉल खेळतो. खेळायला बूट काढूनच ठेवतो, पण अनवाणी गेले तर मावशीच ओरडते. तरी खरं सांगते, बस जाताना खेळ थांबवून बघायचे. सगळ्याच बघतात. मी जरा जास्त वेळ बघायचे.

स्वेटर मिळाला. छान आहे. बाह्या कोपरापर्यंत येतात. तू खांद्याला लागणाऱ्या मुलीसाठी विणलास. आता मी तुझ्याहून उंच असेन, नक्की माहीत नाही, आपण शेजारी उभ्या राहिलो की कळेल. तो मी मावशीला दिला, तिला बरोबर होतो. ती घालत नाही, घडी करून ठेवते आणि म्हणते, हा माझ्यासाठी नाही.

मावशीवर रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. मी पण रागावले आहे. पण तिच्याशी बोलायला लागले आहे, कारण घरात दोघीच असताना फार दिवस गप्प बसता येत नाही, तू करून बघ. तिनं कालपासून माझे कपडे धुऊन घड्या घालून ठेवल्या आहेत, एका पिशवीत. मी ते परत दोरीवर टाकले. संध्याकाळी बघते तर परत पिशवीत.

सामान मी बांधलेलं नाही. डिसेंबरात मला न्यायला येऊ नकोस, आई. नुसती ये. चार दिवस नको, सुट्टी मिळेल तेवढी. तू झोपेत बोलतेस का, सकाळी किती वाजता उठतेस, कशानं चिडतेस, मला यातलं काहीच माहीत नाही, आणि तुलाही माझं माहीत नाही. कापणी तेव्हाच असते, चादरीचं एक टोक धर. तीन माणसांत काम हलकं होतं. मग जायच्या आदल्या दिवशी, मावशी समोर बसलेली असताना, मला परत विचार. मी त्या वेळी खरं उत्तर देईन. आज ते मला अजूनही येत नाही, पण तू आलीस तर येईल असं वाटतं.

आता मी तुला विचारते. येशील का? मला पत्रानं कळवू नकोस. बसमधून उतर आणि तोंडानं सांग. आणि जरा मोठ्यानं सांग, मावशीला हल्ली डाव्या कानानं कमी ऐकू येतं, ती परत भलतंच ऐकेल.

लिबी